जिन्याखालची बादली

आमच्या घराच्या किल्ल्या तीन ठिकाणी असतात. एक आमच्याकडे, एक समोरच्या शिंपिणीकडे आणि एक गल्लीच्या टोकाच्या चष्मेवाल्याकडे. मीठही तीन बरण्यांत असतं, आणि त्या बरण्या एकाच फळीवर ठेवलेल्या चालत नाहीत. ही सगळी शिस्त माझ्या वन्संची. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाईंना विसरायची सवय असेल. नंतर कळलं की त्या काहीच विसरत नाहीत, आणि तीच खरी अडचण आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून मोठ्या, नात्याने लहान. मान कुणी कुणाला द्यायचा हा घोळ आम्ही दोघींनी एकमेकींना अहो-जाहो करून मिटवला. त्यांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू दुकानातून काडेपेटी आणायची राहून गेली. वरच्या मजल्यावर जिन्यालगतची खोली त्यांची. तिथून त्या सकाळी डबा घेऊन उतरतात, संध्याकाळी तोच डबा धुऊन घेऊन चढतात, आणि मधल्या वेळात आमच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळत असतं. ते कसं, ते पुढे येईलच.

वन्सं भूकंप संस्थेत आहेत. भूकंपाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ वेगळे; वन्सं त्यांचं कोठार सांभाळतात. शाळांच्या तळघरांत, पाण्याच्या टाक्यांखाली, कुणाकुणाच्या घरात संस्थेने लहान लहान यंत्रं बसवली आहेत. जमीन रोज हलते म्हणे, आपल्याला कळत नाही इतकंच. ती थरथर अखंड संस्थेत येऊन पडते, आणि तिथले प्रोग्राम ती चाळत बसतात. हा ट्रक गेला, ही आगगाडी, हे कुणाचं तरी वॉशिंग मशीन, आणि हा मात्र खरा धक्का. चाळून जे निघतं त्याचे तक्ते होतात, ते शास्त्रज्ञ मिरवतात. चाळण्याआधीचं सगळं, अगदी त्या वॉशिंग मशीनसकट, जपून ठेवायचं ते वन्संचं काम.

"एकदा चाळलं की टाकून का देत नाही?" मी एकदा विचारलं.

"उद्या कुणी बारीक चाळण आणली तर?" त्या म्हणाल्या. "पीठच टाकून दिलं असेल तर चाळणार काय?"

आता एवढं पीठ ठेवायचं कुठे? मोठ्या संस्था त्यासाठी तयार कपाटवजा यंत्र विकत आणतात. वन्संनी दुसरी वाट धरली. इंटरनेटवर एक सॉफ्टवेअर मिळतं. ते नुसतं मोफत नाही, आतून उघडंही आहे. ते कसं चालतं ते कुणीही वाचावं, कुठे अडलं तर कुणीही दुरुस्त करावं, आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. ते करतं काय, तर पुष्कळशा साध्या कॉम्प्युटरांची मोट बांधून त्यांचं एकच कोठार बनवतं. फाईल आली की तिचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन-तीन प्रती काढायच्या आणि त्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर ठेवायच्या. यातला एक कॉम्प्युटर कारभारी. त्याच्याकडे माल नसतो, कुठला तुकडा कुणाकडे आहे एवढीच माहिती असते. एखादा कॉम्प्युटर बंद पडला की कारभाऱ्याच्या ध्यानात येतं, अमक्या तुकड्याची एक प्रत कमी झाली. मग तो कुणाला न विचारता उरलेल्या प्रतीवरून नवी काढून दुसरीकडे ठेवतो. शिवाय चाळणारे प्रोग्राम एका दाराशी खोळंबत नाहीत. जो तो आपला तुकडा जिथे असेल तिथून उचलतो.

हे सगळं मला वन्संनी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता समजावलं. मला समजलं, हे विशेष. माझ्या नवऱ्याला अजून समजलेलं नाही, पण तो बँकेत आहे.

या कोठारातले कॉम्प्युटर म्हणजे दुसऱ्या विभागांनी टाकून दिलेले. कुणी नवं घेतलं की जुनं वन्संच्या दारात. त्या कुणाला नाही म्हणत नाहीत. "तुझा वृद्धाश्रम काय म्हणतोय?" असं माझा नवरा त्यांना जेवताना विचारतो. एकदा मी तो बघून आले. ओळीने मांडलेली काळी-करडी खोकी, कुणाची बाजू नाही, कुणाचं झाकण दोऱ्याने बांधलेलं. त्यातला एक सारखा धापा टाकत होता. "हा दमेकरी," वन्सं म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पंखा वाजतो बिचाऱ्याचा, पण कामाला वाघ आहे." आमच्या घरी कुणी आजारी पडलं तर एवढ्या मायेने त्यांनी विचारपूस केल्याचं मला आठवत नाही.

संस्थेत त्यांना सगळे 'कॉपीताई' म्हणतात. कारण त्यांचा नियम. एकाच तुकड्याच्या दोन प्रती एका खोलीत ठेवायच्या नाहीत. आग लागली, पाणी शिरलं, तर एक खोली जाईल, सगळ्या कशा जातील? संस्थेत त्यांच्या ताब्यात तीन खोल्या होत्या: पुढची, मागची आणि ग्रंथालयाखालचं तळघर. कुठलं यंत्र कुठल्या खोलीत ते कारभाऱ्याला सांगून ठेवलेलं असतं. त्याच नकाशावर भरवसा ठेवून तो प्रती वाटतो.

आता जिन्याखालची बादली.

संस्थेला आमच्या वस्तीत एक यंत्र बसवायचं होतं. वन्संनी घरी विचारलं आणि सासूबाईंनी हो म्हटलं. मला कुणी विचारलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते. जिन्याखाली सिमेंटचा ठोकळा घातला, त्यावर पावभराच्या डब्याएवढं यंत्र बसवलं आणि धूळ नको म्हणून वन्संनी त्यावर आमची निळी बादली उपडी घातली. तेव्हापासून त्या बादलीला हात लावायचा नाही, जिन्यावरून धावायचं नाही, वॉशिंग मशीन मागच्या ओसरीत. आणि वन्संचा संस्थेतून फोन: "वहिनी, आज दोनदा कपडे धुतलेत का?" किंवा "दादा जिन्यावरून उड्या मारत उतरला, त्याला सांगा, वय झालं." मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या बहिणीने घरात सासू बसवली आहे, तीही बादलीखाली. खऱ्या सासूबाई हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सासूबाईंची खोली तेव्हा वर होती. एक गुडघा कामातून गेलेला, हातात काठी, पण सकाळी खाली उतरून दारात बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची आणि दुपारी परत वर जायचं, हा त्यांचा क्रम कुणाच्या बापाला मोडता आला नाही. जिन्याच्या वळणावर थांबून त्या काठी दोनदा आपटायच्या. म्हणजे, मी पोचतेय, कुणी मदतीला येऊ नका. दुपारी आम्ही सगळे बाहेर. घरात त्या एकट्या. मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत हटकून वन्संचा फोन यायचा, "आई वर पोचली." मला वाटायचं, सासूबाईंनीच त्यांना कळवलं असेल. पण सासूबाई फोनला हात लावत नसत. वन्सं दुपारी काम बाजूला सारून पडद्यावर आमच्या जिन्याच्या थरथरीची रेघ बघत बसायच्या. पाय, पाय, काठी. पाय, पाय, काठी. वळणावर दोन ठोके. मग डबा उघडून जेवायच्या.

बादली बसल्यावर तो एकच मोसम सासूबाई जिना चढल्या. पुढे दुसराही गुडघा गेला, त्यांची खाट खाली आणली, आणि मग एका सकाळी त्या गेल्या. बादली राहिली. दुपारच्या वेळी आमच्या घरची रेघ आता सरळ असते, असं वन्सं एकदा सहज म्हणाल्या. मी विषय बदलला.

वर्षं गेली तशी जागा पुरेना. वन्संनी जुन्या मालाच्या प्रती तीनवरून दोनवर आणल्या. ज्या स्टेशनांना शास्त्रज्ञ फारसं विचारत नाहीत त्यांच्या फाईली दाबून, आवळून, मोसमामोसमाचं एकेक गाठोडं बांधून ठेवलं. घरगुती खडखडाट फार म्हणून आमचं जिन्याखालचं स्टेशन त्या यादीत सगळ्यात तळाशी. त्यालाही दोनच प्रती, त्याचंही गाठोडं.

"निदान तो मोसम तरी तीन प्रतींत ठेवायचा होता," मी म्हटलं. मला ठाऊक होतं, अधूनमधून, काम संपलं की त्या ती जुनी रेघ काढून बघतात.

"आपल्या घराला झुकतं माप द्यायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "आज आईसाठी दिलं तर उद्या प्रत्येकाची आई येईल." या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आणि भिंतीचंच निमित्त झालं.

संस्थेतली मागची खोली फार तापायची. दमेकरी आणि त्याची भावंडं तिथेच. पुढच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, मागच्या खोलीत नव्हतं. वन्संनी संचालकांचा पिच्छा पुरवला: मधली भिंत पाडा, एकच यंत्र दोन्ही खोल्यांना पुरेल. संचालकांच्या नाकी नऊ आणले तेव्हा कुठे गवंडी आला. भिंत पडली, हवा खेळली, दमेकऱ्याची धाप कमी झाली. त्या दिवशी वन्संनी येताना सगळ्यांसाठी खाऊ आणला होता. असं त्यांच्या हातून फार क्वचित होतं, म्हणून लक्षात आहे.

दोन खोल्यांची एक खोली झाली. पण कारभाऱ्याच्या नकाशात ती भिंत तशीच उभी होती. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार? सांगायचं होतं वन्संनी, आणि ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बाकी कुणी असतं तर खोल्यांचा विचारच केला नसता. ज्या बाईने मिठाच्या बरण्या एका फळीवर ठेवू दिल्या नाहीत, तिच्याच कोठारात पुष्कळशा तुकड्यांच्या दोन्ही प्रती आता एका छपराखाली होत्या, आणि कारभारी छातीठोकपणे सांगत होता की सगळं नियमाप्रमाणे आहे.

सुट्टीच्या दिवशी वरच्या टाकीचा पाइप फुटला. पहारेकऱ्याला जिन्यावरून ओघळणारं पाणी दिसलं तोवर छताचा एक पोपडा खाली आला होता आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ओळींवर धार लागली होती. वन्संना फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. त्या हात धुऊन निघाल्या. मीही गेले, कारण त्यांनी पायात दोन वेगवेगळ्या चपला घातल्या होत्या, आणि अशा माणसाला एकटं सोडवत नाही.

दारात उभं राहून त्यांनी आत बघितलं. पाणी ठिबकत होतं. दमेकरी गप्प होता. त्यांनी दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "वहिनी, इथे भिंत होती."

मला आधी कळलं नाही. त्यांनी सांगितलं तेव्हा मी दोन्ही ओळी पुन्हा नीट बघितल्या.

तळघर कोरडं होतं. नव्या मालाची एकेक प्रत तिथे शाबूत होती. कारभारी भिजला, पण त्याची माहिती तळघरातला एक कॉम्प्युटर रोज उतरवून घेत असे, तो लगेच गादीवर बसला. त्याने हिशेब मांडला आणि पडद्यावर लाल अक्षरांत हरवलेल्या तुकड्यांची यादी आली. सगळा जुना माल. ज्याची एक प्रत पुढे आणि एक मागे होती, तो. यादी खाली सरकवत सरकवत वन्सं एका ओळीवर थांबल्या. आमच्या जिन्याचं गाठोडं, तोच मोसम. त्याचा पहिलाच तुकडा हरवलेला होता, आणि आवळून बांधलेल्या गाठोड्याचा पहिला तुकडा नसला की बाकीचे सगळे असून उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर त्यांनी पाइपाचं नावही काढलं नाही. "भिंत मी पाडून घेतली," म्हणाल्या, "नकाशातली पाडायची राहिली. चूक माझी आहे." संचालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, तक्ते सगळे शाबूत आहेत, कच्चा माल थोडा गेला तर गेला. आता तयार यंत्र मागवतो, ही खोकी भंगारात देऊ, तुम्हीही जरा मोकळ्या व्हाल. वन्संनी एवढंच मागितलं की भंगारवाला येईपर्यंत त्या खोक्यांतल्या भिजलेल्या डिस्का घरी न्यायला परवानगी द्या. त्याने दिली. त्याला वाटलं असेल, बाई आठवण म्हणून नेतायत.

त्या डिस्का माझ्या घरात आल्या. जेवायच्या टेबलावर, खिडकीत, माझ्या चादरींच्या कपाटात. प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठली ओळ, कुठलं यंत्र. मी केस वाळवायचा ड्रायर आणला तर वन्सं अंगावर आल्या: गरम हवा नको, सावलीत वाळू दे. मी म्हटलं, माझ्या चादरी? म्हणाल्या, चादरी पुन्हा धुता येतात. माझ्याच घरात मला हे ऐकून घ्यावं लागलं.

डिस्कच्या पोटात सहसा पाणी जात नाही, बिघडते ती तिच्या पाठीवरची हिरवी पट्टी. ती दात घासायच्या मऊ ब्रशने आणि स्पिरिटने पुसायची. हे काम मी शिकले. शाळेतून आले की पदर खोचून बसायचे. माझा नवराही एकदा बसला, पण त्याने एवढ्या जोरात घासलं की वन्संनी ब्रश काढून घेतला. "दादा, भांडं नाहीये ते." तो आपला चहा करायला गेला आणि पुढे तेच खातं सांभाळत राहिला.

या उघड्या सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला फार आवडली. डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, कारभारी तिच्यावरचे तुकडे ओळखतो. माहेर बदललं म्हणून ओळख विसरत नाही. आणि हरवलेल्या तुकड्याची एक जरी प्रत दिसली, की तो लगेच तिची दुसरी करून घेतो. अडचण अशी होती की अर्धमेल्या डिस्का मधेच दम सोडायच्या, आणि कारभारी त्यांच्यावर काही लिहायला जाऊन त्यांना आणखी मारायचा. वन्संनी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना आपली अडचण लिहून कळवली. भिंतीची गोष्टही लिहिली, काही न लपवता. उत्तर आलं ते अशा माणसाचं, ज्याचं नाव आम्हा तिघांनाही नीट वाचता येईना. त्याने सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल करून पाठवला: आजारी डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर काही लिहायचं नाही. खाली एक ओळ होती, "आमच्याकडेही एकदा भिंत पाडली होती." वन्सं ती ओळ वाचून पहिल्यांदा हसल्या.

मग रोज संध्याकाळी दोन-चार डिस्का घेऊन त्या संस्थेत जायच्या, मी सोबतीला. एक लावायची, वाट बघायची. लाल यादी आखडायला लागली. ज्या तुकड्याची पुढच्या ओळीतली प्रत मेली, त्याची मागच्या ओळीतली निघायची. डोंगरातल्या स्टेशनचे महिने आले, बंदरावरचे आले. दमेकऱ्याची डिस्क तर पहिल्या झटक्यात बोलली. शास्त्रज्ञ जाता-येता डोकावू लागले, आणि कच्चा माल गेला तर गेला म्हणणारा संचालक खुर्ची ओढून बसू लागला. प्रत्येक डिस्क लावली की माझी नजर त्या एकाच ओळीवर. वन्सं मात्र यादी वरूनच वाचायच्या, क्रमाने.

शेवटी दोन डिस्का उरल्या, एक पुढच्या ओळीतली, एक मागच्या. दोन्ही कशानेही जाग्या झाल्या नाहीत. पट्ट्या बदलून पाहिल्या, त्या परदेशी माणसाला विचारून पाहिलं. दोन्हींवर सामाईक असलेले तुकडे अगदी थोडे होते, आणि आमच्या गाठोड्याचा पहिला तुकडा त्यांतला एक.

भंगारवाला आला. पण संचालकांनी त्याला मोडकी खोकी तेवढी दिली; दमेकरी वाळून पुन्हा चालू झाला होता, तो राहिला. तयार यंत्र आलं, तेही वन्संच्या कोठारातच एक नवी खोली म्हणून जोडलं गेलं. बिनभिंतीच्या त्या खोलीच्या दारावर वन्संनी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'ही एकच खोली आहे.' संचालकांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. वन्सं मान खाली घालून उभ्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, "एवढं सगळं आलं, वहिनी. एका गाठोड्यासाठी रडायचं नसतं." आणि रडल्या नाहीत. घरी आल्या, डबा धुतला, वर गेल्या. पण नंतर मला एक गोष्ट जाणवली. संस्थेतून येणारे फोन बंद झाले. कपडे दोनदा धुतले तरी फोन नाही, नवरा धाड धाड जिना उतरला तरी फोन नाही. त्या आमच्या घरची रेघ बघेनाशा झाल्या होत्या. पाळत नको नको म्हणणारी मी, मला आता ती शांतता खायला उठली.

शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी घरात मी एकटीच होते. आधी वन्संना फोन केला. म्हटलं, जरा बादलीची रेघ बघा, मला वाटतं यंत्र बिघडलंय. त्यांनी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मी दारामागून सासूबाईंची काठी काढली. एवढी वर्षं ती तिथेच होती, कुणी हलवली नव्हती. पदर सावरला आणि जिना चढायला लागले. काठी टेकायची, मग पाय, मग दुसरा पाय. सासूबाई जशा एका कुशीला झुकायच्या तशी झुकले. वळणावर थांबले, काठी दोनदा आपटली आणि वर गेले. कुणी बघितलं असतं तर मला वेड लागलं म्हणालं असतं.

फोन वाजेना. मला वाटलं, आगाऊपणा झाला. उगाच त्यांच्या जखमेवर मीठ चोळलं. मी काठी ठेवायला खाली उतरले आणि तेवढ्यात फोन आला.

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. तो बहुतेक दमेकरीच.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. "चुकतंय. उतरताना काठी आधी. चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा, आणि काठी मागून. आई तशी चढायची."

"बरं," मी म्हटलं.

"आणि वळणावर फार लवकर निघालात. तिला दम लागायचा. ठोके दिल्यावर थोडं थांबायची."

"बरं."

"पुन्हा चढा," त्या म्हणाल्या. मग हळूच, "चढाल ना?"

मी पुन्हा चढले. पाय, पाय, काठी. वळणावर दोन ठोके दिले आणि थांबले. तिथे उभं राहिल्यावर खालचं उघडं दार दिसतं, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं. सासूबाई इथे दम खायच्या की आणखी थोडा वेळ बघत राहायच्या, कुणास ठाऊक. मला त्यांची फार आठवण आली. वर पोचले तेव्हा माझेच गुडघे बोलत होते. या वेळी फोन आला नाही, आणि का आला नाही ते मला समजलं.

संध्याकाळी वन्सं आल्या. डोळे सुजलेले होते. त्या मोरीशी डबा धूत होत्या. मी पाठमोरीच राहून म्हटलं, "आजच्या रेघेच्या किती प्रती ठेवल्यात? तीन, की घरचं म्हणून दोन?"

"जेवढ्या खोल्या आहेत, तेवढ्या. आणि कायमच्या," त्या म्हणाल्या.

"आणि घराला झुकतं माप नाही, तो नियम?"

त्यांनी डबा पुसला, उपडा ठेवला. जिन्याकडे निघाल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या.

"वहिनी, उद्या चपला काढून चढा," त्या म्हणाल्या. "आई अनवाणी चढायची."